द्वारकाबायचा आवाज

बातमीच्या पहिल्या वाक्यात सगळं यावं लागतं. कोण, कुठे, केव्हा, काय. मी वर्षानुवर्षं तशी वाक्यं लिहिली. या एका गोष्टीचं पहिलं वाक्य मात्र मला लिहिता आलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. मुलगा मोठा झाला, वकील झाला, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे ते बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून—की हे कारणही आत्ताच जुळवलं? असेल. कारणं मागाहून जुळवायची मला सवय आहे.

तेव्हा आधी जे तपासता येईल ते सांगतो.

मी शहापूरला एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो. नव्वदच्या दशकात बातमी हाताने लिहायची आणि फॅक्सने ठाण्याला पाठवायची. सभा, उद्घाटनं, मोर्चे, अपघात. भाषणं टिपायला एक छोटा कॅसेट रेकॉर्डर होता. कॅसेट पुसायची नाही हा माझा नियम. पुढारी आज बोलतात आणि उद्या म्हणतात, मी असं बोललोच नव्हतो. मग कॅसेट काढून दाखवायची. टेबलाच्या खालच्या खणात तारीखवार लावलेल्या कॅसेटी असत. याचा मला अभिमान होता.

पुढे संगणक आला. घेतला बातम्या टाइप करायला, पण एका मित्राने त्यात आवाजाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मी त्यात गुंतलो. हळदीची गाणी, भजनं, कीर्तनं मी रेकॉर्ड करायला लागलो. संगणकावर आवाज साफ करायचा, सीडी काढून द्यायची. सापगावच्या पुलापलीकडे पार मुरबाडपर्यंत लोक मला त्यासाठी ओळखायला लागले. बातमीदार म्हणून जेवढे ओळखत होते त्याहून जास्त.

या सॉफ्टवेअरमध्ये आवाज डोळ्यांना दिसतो. डावीकडून उजवीकडे एक पट्टी जाते. आवाज मोठा तिथे पट्टी जाड, हळू तिथे बारीक. पट्टीवर एक सरळ रेघ असते. रेघेवर माउसने टिंब ठेवायचं आणि ते वर ओढायचं किंवा खाली. वर ओढलं की तेवढ्या जागेपुरता आवाज वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. बस, एवढंच. पण कुठे किती ओढायचं यात सगळं कसब आहे.

एकदा शेणव्याच्या एका हळदीत बँडच्या दणक्याखाली नवरदेवाच्या आजीचं गाणं पार बुडालं होतं. मी दोन दिवस बसून ते वर काढलं. म्हातारीने सीडी ऐकली आणि नातवाला विचारलं, "ही मीच का रं?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या मशिनीत घातला त कावला पन कोकिला व्हईल." सगळं घर हसलं. मीही हसलो.

हे सांगतो ते एवढ्यासाठी की बुडालेला आवाज मला वर काढता येत होता. येत नव्हता असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आता त्या मे महिन्याकडे येतो.

मुरबाडच्या बाजूचं एक गाव. नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. तिथे एक माजी सरपंच होते—त्यांना सगळे नाना म्हणत. माझे खात्रीचे सूत्र. तिकडे काही घडलं की पहिला फोन त्यांचा. एका सकाळी त्यांचा फोन आला. "पत्रकार, आमची सूनबाय गेली. हिरीवर पाय घसरला." आवाज शांत होता. मी विचारपूस केली, वय विचारलं, नाव विचारलं. वनिता. तेवीस. लग्नाला तीन वर्षं. मूल नाही.

मी चार ओळी लिहिल्या. पाण्यासाठी विहिरीत उतरताना पाय घसरून विवाहितेचा मृत्यू. उन्हाळ्यात तिकडच्या विहिरींचं पाणी तळाला जातं, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, बाया हंडा घेऊन खाली उतरतात. असे अपघात होतात. मी दुसऱ्या कोणालाही फोन केला नाही. मुलीच्या माहेरचं गाव कोणतं तेही विचारलं नाही. सूत्र खात्रीचं होतं, म्हणून मी खात्री केली नाही. बातमी छापून आली.

दहाव्याला नानांनी मला बोलावलं—बातमीदार म्हणून नव्हे, रेकॉर्डिंगसाठी. आमच्याकडे दिवसकार्याला प्रवचन ठेवतात. नदीवरचे विधी उरकले की घरासमोरच्या मांडवात एखादे महाराज तासभर बोलतात. अलीकडे त्याची सीडी करून नातेवाइकांना द्यायची पद्धत पडली होती.

माझी रेकॉर्डिंगची रीत ठरलेली होती. स्टीरिओ कॅसेटवर डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगळे भरता येतात. डाव्यात लाउडस्पीकरवाल्याच्या मशिनमधून थेट महाराज घ्यायचे. उजव्यासाठी एक सुटा माइक मांडवात ठेवायचा, म्हणजे माणसांचा आवाज, नामाचा गजर, टाळ येतात आणि प्रवचन कोरडं वाटत नाही. संगणकावर या दोन वेगळ्या पट्ट्या दिसतात. वरची महाराजांची, खालची लोकांची. त्या दिवशी सुटा माइक मी मांडवाच्या डाव्या खांबाला बांधला. तिकडे सावली होती, वायर पुरत होती. तिकडे बाया बसल्या होत्या. खांबाला डोकं टेकून एक बाई बसली होती. ती मुलीची आई आहे हे मला मागून कळलं. द्वारकाबाय.

महाराज बोलायला लागले आणि ती रडायला लागली.

आमच्याकडच्या जुन्या बाया नुसतं रडत नाहीत. शब्दांनी रडतात, हेल काढून. गेलेल्या माणसाशी बोलतात—तू असा होतास, तू हे केलंस, मला हे सांगितलं होतंस. त्यात काहीही येतं. सासूची गाऱ्हाणी येतात, भावकीतली भांडणं येतात. आणि एक अलिखित रीत आहे: रडणाऱ्या बाईला कोणी थांबवत नाही, तिला कोणी उत्तर देत नाही, आणि ती जे बोलली ते नंतर कोणी तोंडावर आणत नाही. सगळ्यांसमोर बोललेलं, पण कोणी न ऐकलेलं. पुरुष तर त्या दिशेला मानही वळवत नाहीत. मीही वळवली नाही. कानावर हेडफोन होता, त्यात महाराज ठेवले होते. शरीर नाशवंत आहे, असं ते सांगत होते.

निघताना नाना म्हणाले, "पत्रकार, बायांचा कालवा तेवढा दाबा. महाराज बोलतात का बाया बोलतात, कळायला नको का?"

लक्षात घ्या, एवढंच म्हणाले. प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. त्यांनी मला काही लपवायला सांगितलं नाही. त्या पट्टीत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, असंही मला आजवर वाटलेलं नाही. मला कोणी धमकावलं नाही, कोणी काही दिलं नाही. या गोष्टीत माझ्यावर दबाव टाकणारा माणूस शोधायचा मी खूप प्रयत्न केला. तो सापडत नाही.

दोन दिवसांनी दुपारी कामाला बसलो. खालची पट्टी सरसकट खाली ओढली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. पण गजर आणि टाळ ठेवायचे होते, रडणं तेवढं कमी करायचं होतं. त्यासाठी रडणं कुठून कुठवर आहे ते कळायला हवं. म्हणून मी आधी ती पट्टी वर ओढली. महाराजांना बंद केलं आणि ऐकलं.

ती खांबाला डोकं लावून बसली होती. तोंडापासून माइक हातभर होता. एक मिनिट चाळीस सेकंद. शब्द न् शब्द आला होता.

"बेस्तरवारी आली व्हतीस गो वने, दिवस बुडताना… पाठ उघडी करून दावलीस माला… काठीचं वल व्हतं गो, काठीचं… मीच बोलली, संसार हाय, चालायचाच… आये, तो बोलतो तुला हिरीत लोटीन… असां बोलली गो माजी पोर, मी बोलली, रागात बोलतो, नवरा हाय… ऐतवारी मीच एस्टीत बसवली तुला… माजा पदर धरलास, मीच सोडवला गो… मंगलवारी लोटली ना त्यानी… मीच धाडली गो तुला हिरीत…"

आणि पुन्हा तेच. बेस्तरवारी आली व्हतीस गो वने.

मी तीन वेळा ऐकलं. पहिल्यांदा काय आहे ते कळावं म्हणून. दुसऱ्यांदा बरोबर ऐकलं का ते बघायला—बातमीदार हेच करतो. तिसऱ्यांदा का, ते सांगता येत नाही.

मग काय करायला हवं होतं? तुम्ही सांगाल ते बरोबर असेल. मुरबाडला जायचं, ठाणे अंमलदारासमोर कॅसेट ठेवायची. निदान संपादकाला फोन करायचा. निदान द्वारकाबायचं गाव शोधायचं. त्यातलं काहीही अवघड नव्हतं. मोटारसायकल दाराशी उभी होती.

मी रेघेवर टिंब ठेवलं, एक मिनिट चाळीस सेकंदांनी दुसरं ठेवलं, आणि मधली रेघ तळाला नेली. पट्टी सुतासारखी झाली. नुसतं खाली नेल्यावर त्या जागी खड्डा पडतो, कानाला कळतं. म्हणून शेवटच्या गजरातले थोडे टाळ घेऊन तिथे हलके पसरले. महाराज छान ऐकू यायला लागले. काम स्वच्छ झालं. हो, त्या वेळी माझ्या मनात 'स्वच्छ' हाच शब्द होता. आणि त्याच्याखाली दुसरंही काही होतं—माझ्या चार ओळी छापून आल्या होत्या. पाय घसरून. माझ्या नावाने नव्हत्या, पण माझ्या होत्या.

सीडी दिल्या. कॅसेटवर तारीख लिहून ती खणात ठेवली.

इथवरचं तुम्ही कदाचित समजून घ्याल. माणूस कामाच्या भरात करतो, टाळाटाळ करतो. मीही चार महिने तसंच समजून घेत होतो. म्हणून पुढचं लिहायला हवं.

नवरात्राच्या आधी एका सकाळी द्वारकाबाय माझ्या घरी आली. एकटीच. शेणव्याच्या पुढचं तिचं गाव, जीपने आली होती. उभीच राहिली. मी खुर्ची पुढे केली तर खाली बसली, दाराच्या कडेला. म्हणाली, "भाऊ, तुमीच ना दहाव्याला मशीन लावली व्हती?"

तिने पोलिसांत तक्रार दिली होती. गुन्हा दाखल झाला होता, जावयाला, म्हणजे नानांच्या मुलाला, अटक झाली होती. पण मुलगी गेली वैशाखात आणि तक्रार भाद्रपदात. मधले चार महिने ही बाई गप्प का होती, असं सगळे विचारत होते. कोणीतरी मागून शिकवलं, म्हणत होते. मुलीच्या डोक्याला मार होता, पण तो घसरूनही लागतो आणि लोटूनही लागतो. तिच्या वकिलाने तिला विचारलं होतं—आधी कुठे बोलला होतात का, कोणासमोर?

"मी बोलली ना," ती मला म्हणाली. "दहाव्याला बोलली. सगल्यांसमोर बोलली. तुमची ती दांडी माज्या डोक्याशी बांदलेली व्हती."

शेजारच्या घरी तिने सीडी लावून ऐकली होती. एकदा नव्हे. "महाराज त्या राजाची गोष्ट सांगत व्हते, तवा मी बोलत व्हती. तितं माजा आवाज नाय. नुसतं टाळ वाजतंत. तवा टाळ कुटले, भाऊ? टाळवाले त चा प्यायला उठले व्हते."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी जोडणी तिने कानाने पकडली होती. पट्टी समोर ठेवून कोणा जाणकाराला दाखवली असती तर त्याला सापडली असती की नाही, शंका आहे.

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. कॅसेट त्यात होती.

मी म्हणालो, "माइक लांब होता, मावशी. तुमचा आवाज आलाच नसेल."

"लांब?" ती म्हणाली. "मी डोकां लावून बसली व्हती."

"मग आवाज बारीक असेल. मशिन बारीक आवाज घेत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही म्हणेल, खोटं बोलतोस. मी तयार होतो, पुढचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण ती खाली बघून म्हणाली, "असल. आठ दिस रडून रडून गला बसला व्हता माजा." आणि मग, मला दिलासा देत असल्यासारखं: "तुमी तरी काय करनार."

ती उठून गेली. चहाही घेतला नाही. मी विचारलाही नव्हता.

त्या क्षणाबद्दल मी फार विचार केला आहे. खण उघडायला किती वेळ लागतो? तेव्हा मला कसली भीती वाटली? नानांची नाही, पोलिसांची नाही. मी उघडलं असतं तर तिने एकच विचारलं असतं: मग चार महिने तुमी कुटं व्हता? तिला गप्प राहिल्याबद्दल सगळे जाब विचारत होते. गप्प मी राहिलो होतो. ती तर दहाव्या दिवशीच बोलली होती.

दीड वर्षांनी खटला उभा राहिला. मला साक्षीचं समन्स आलं. बचाव पक्षाकडून. जावयाच्या वकिलांनी माझी सीडी कोर्टात दाखल केली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आई सांगते की दहाव्याला आपण सगळ्यांसमोर बोललो. हे त्या दिवसाचं संपूर्ण रेकॉर्डिंग. ऐका. यात ती कुठे आहे?

तिच्या गावच्या दोन बाया त्या दिवशी तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, रडत होती, काय बोलली ते ध्यानात नाही. त्यांच्याही मुली त्या बाजूला दिलेल्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे कॅसेट नव्हती.

कोर्टात सीडी लावली. राजाची गोष्ट आली. टाळ वाजले. द्वारकाबाय बाकाच्या टोकाला बसली होती. त्या जागी आल्यावर ती पुढे वाकली, कानामागे हात धरला. तिला अजूनही वाटत होतं की नीट ऐकलं तर येईल. एक मिनिट चाळीस सेकंद ती तशी वाकून होती. मी मोजत नव्हतो, पण मला ठाऊक होतं किती ते.

सरकारी वकिलांनी मला विचारलं, "या रेकॉर्डिंगमध्ये काही फेरफार केला आहे का?"

मी म्हणालो, नाही.

"काही भागाचा आवाज कमी-जास्त केला?"

"सगळीकडे सारखाच केला आहे. काही कापलं नाही, काही जोडलं नाही."

"मूळ कॅसेट?"

"पुसून परत वापरली."

मी शपथेवर होतो. स्पष्ट बोललो, न अडखळता. वार्ताहर असल्याने लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. न्यायाधीशांनी मान हलवून लिहून घेतलं. कॅसेटवर माझ्या अक्षरात तारीख लिहिलेली होती आणि ती घरी खणात होती. मी एकही कॅसेट पुसत नाही हे शहापूरच्या निम्म्या पुढाऱ्यांना माहीत होतं. पण ते कोर्टात नव्हते.

बाहेर आलो तर पायरीशी ती उभी होती. मला चुकवून जाता आलं नाही. तिने हातातली पाण्याची बाटली पुढे केली. उकाडा होता. मी प्यालो. ती म्हणाली, "जां आलां तां तुमी सांगितलां, भाऊ. माजाच आवाज लहान." रागाने म्हणाली असती तर मला ते कुठेतरी ठेवता आलं असतं. ती रागावलेली नव्हती.

जावई सुटला. निकालाची बातमी मीच लिहिली. मुलीच्या आईने दहाव्या दिवशी आरोप केल्याचा दावा केला, मात्र ध्वनिमुद्रणात तसे काही आढळले नाही, हे वाक्य माझं आहे. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं. हळदीच्या रेकॉर्डिंगला मला बोलावलं. मी गेलो नाही. हे चांगुलपणात धरू नका, त्या दिवशी माझ्याकडे दुसरं काम होतं.

कॅसेट कोर्टात लावली असती तरी कदाचित निकाल तोच लागला असता. रडण्यातलं बोलणं पुरावा होतं की नाही, मला कायदा कळत नाही. मुलाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलेलं नाही. पण तिने काय गमावलं ते मला कळतं. खटला हा त्यातला एक भाग. आपण बोललो होतो हे तिचं स्वतःचं माहीत असणं, तेही गेलं. पुढे पुढे ती लोकांना सांगायची की दहाव्याला मी बोलले असं मला वाटतं, पण कोण जाणे, तोंडातून बाहेर पडलं की नाही.

निकालानंतर महिन्याभराने मी कॅसेट काढली. तेव्हा कसला धोका उरला नव्हता. मला कोणी काही विचारणार नव्हतं. मी टेप ओढून बाहेर काढली, तिचा गुंता झाला, अंगणात जाळली. प्लॅस्टिकचा वास आला. बायकोने आतून विचारलं काय जळतंय, मी सांगितलं, कचरा. संगणकावरची मूळ नोंदही काढून टाकली. आज माझं म्हणणं खरं आहे याचा माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. वर लिहिलेले तिचे शब्द माझ्या आठवणीतले आहेत. ते चुकलेले नाहीत. पण हे मी सांगतो, आणि मी शपथेवर काय सांगितलं ते तुम्ही आत्ताच वाचलं.

द्वारकाबाय आहे. सत्तरीच्या पुढे गेली. शेणव्याला बाजाराच्या दिवशी कधी वालाच्या शेंगा, कधी करटुली घेऊन बसते. मला ओळखते. मी मान खाली घालून जात असलो तरी हाक मारते, त्यामुळे थांबावं लागतं. मुलगा काय करतो विचारते, गुडघ्याचं सांगते. फार हळू बोलते. वाकून, कान जवळ न्यावा लागतो. बाजारात तिला लोक म्हणतात, म्हातारे, जरा मोठ्याने बोल की. ती हसते. आणि बोलताना मधेच थांबते, माझ्या तोंडाकडे बघते.

"ऐकाया येतां ना, भाऊ?"

येतं, म्हणतो मी.